बांधून न दाखवलेल्या मुंडावळ्या

आई,

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. तुझं मुंडावळ्यांचं काम मी पुन्हा सुरू केलं. दुकान नाही. फोटो टाकायच्या ॲपवर एक पान आहे; लोक तिथे बघतात आणि तिथूनच मागवतात.
२. फोटो पुष्कळांना आवडले. मागवल्या थोड्यांनीच. बाकीच्यांचा प्रश्न एकच: बांधल्यावर कशा दिसतात?
३. मी बांधून दाखवल्या नाहीत.
४. नवीन पनवेलमधल्या एका मेकअप करणाऱ्या बाईंनी मॉडेलच्या कपाळावर बांधून फोटो काढायची तयारी दाखवली. मी विचार करायला वेळ मागितला.
५. त्या वेळात मी पानावर लिहिलं: माझ्या आईच्या हातच्या मुंडावळ्या लग्नात कुणी बांधल्या असतील तर फोटो पाठवा.
६. फोटो आले. अजून येत आहेत.

सहावा मुद्दा एवढ्या शब्दांत मावत नाही, म्हणून पुढचं लिहिते आहे.

स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून तू पाय पसरून बसली आहेस. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला, दुसरं दातात. समोर कुणाची तरी नवरी आणि तिची आत्या. नवरी म्हणते, "काकू, एकदा बांधून बघू?" तू मान वर न करता म्हणतेस, "सारी नेसून बघ, बांगऱ्या घालून बघ. ही नाय." आत्या हसते. "अहो, दुकानात आरशासमोर बांधून देतात!" तू दोरा दातातून काढतेस. "मंग दुकानातून घे. त्याला काय, सकाली तुजी, संध्याकाली दुसरीची. माज्याकरची एकाच कपालाची असते." आत्याचं तोंड पडतं, पण मुंडावळ्या घेऊनच दोघी जातात. मी टेबलाशी कॉलेजचं जर्नल लिहिते आहे. मी विचारते, आधी बांधली तर काय होतं? काही बिघडतं का? तू म्हणतेस, "काय बिघरत नाय." मग का नाही बांधायची? तू गाठ मारून उरलेला दोरा तोडतेस. "तुला सगल्याला कारन लागतं." हे तुझं रागावणं. आवाज न चढवता तू विषय बंद करायचीस, आणि तो बंदच राहायचा.

मला अजूनही सगळ्याला कारण लागतं. मी कंपनीत मोजमापाची यंत्रं तपासते, पोटही त्यावरच भरतं. फोटोही मी तशाच पद्धतीने काढायला लागले. खिडकीचा उजेड, पांढरा पुठ्ठा, बाजूला लांबी कळावी म्हणून पट्टी. फोटो स्वच्छ आले आणि कुणाला काही कळलं नाही. मग माठावर बांधून काढला. खाली लोकांनी लिहिलं, "माठाचं लग्न कधी? आम्हालाही बोलवा." मग थर्माकोलचं डोकं आणलं, त्यावर बांधल्यावर ते आजारी दिसायला लागलं, म्हणून तो फोटो मी टाकलाच नाही. माझ्याकडे माझं स्वतःचं कपाळ होतं. एकदा मुंडावळी उचलून आरशासमोर उभीही राहिले. हात कानांपर्यंत गेले आणि तिथून पुढे गेले नाहीत. बिघडणार काही नव्हतं, हे तूच सांगितलं होतंस.

मेकअपवाल्या बाईंचा फोन आला तेव्हा त्या थेट मुद्द्यावर आल्या. "डिअर, नवरी काय पुठ्ठ्याशी लग्न करते का? बघितल्याशिवाय आजकाल कोण घेतं? एक मॉडेल, अर्धा तास. सीझनच्या माझ्या सगळ्या ब्राइड्स तुझ्याकडे पाठवते."

मी म्हणाले, आमच्याकडे आधी दुसऱ्या कुणाला बांधत नाहीत.

"अगं, कुणाला कळणार आहे?"

"मला," मी म्हणाले.

"काय?"

"काही नाही. कळवते."

हाही सीझन रिकामा गेला तर पान बंद करायचं आणि मोत्यांचे डबे माळ्यावर टाकायचे, असं मी ठरवलेलं होतं. म्हणजे एका बाजूला तुझं काम टिकवायचं होतं आणि दुसऱ्या बाजूला तुझा शब्द. दोन्ही कसं जमवायचं ते मला दिसत नव्हतं. वेळ काढायला म्हणून मी पानावर ते फोटोंचं लिहिलं. उत्तर येईल असं धरलं नव्हतं.

पहिला फोटो खांदा कॉलनीतल्या एका बाईंचा आला. अल्बममधल्या फोटोचा मोबाइलवर काढलेला फोटो. वर ट्यूबलाइट चमकते आहे, कड तिरकी आहे. तांत्रिकदृष्ट्या वाईट. त्यात नवरी पंगतीत बसली आहे. घास घेता यावा म्हणून डावीकडची मोत्यांची लड तिने कानामागे अडकवली आहे, कुणीतरी नेमकं तेव्हाच नाव घ्यायला अडवलं आहे आणि भरल्या तोंडाने तिला हसू आवरत नाही. मग उरणकडचा एक नवरदेव, घामाने मोती कपाळाला चिकटलेले. मग एका मांडवातल्या दोन बहिणी. मग पाठवणीचा एक फोटो: मुलगी रडते आहे आणि तिची आई एका हाताने लड बाजूला धरून दुसऱ्या हाताने तिचे डोळे पुसते आहे. मोहल्ल्यातल्या एका खालांनी फोटोसोबत आवाजातला निरोप पाठवला. "बेटी, तुझ्या अम्मीने आमच्या मुलाचा सेहरा ओवला होता. बोलली होती, खाला, हा दुसऱ्या कुणाला देऊ नका. देवराच्या मुलाने निकाहला मागितला, मी नाही दिला. तो अजून रुसलेला आहे! मुलगा आता कुवेतला, सेहरा माझ्या कपाटात."

तुझं काम मी फक्त त्या ओट्यापाशी पाहिलं होतं, अंगठ्यापासून दातापर्यंत ताणलेलं. तिथून ते लोकांकडे जातं हे मला माहीत होतं. पण एकामागून एक कपाळं येत राहिली, हसणारी, घामेजलेली, रडणारी, आणि प्रत्येकावर तुझे हात होते. ते एखाद्याच्या सगळ्यात मोठ्या दिवशी त्याच्या डोळ्यांच्या इतकं जवळ होते, आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. मी फोटो टाकत होते ते काहीतरी विकलं जावं म्हणून. हे कुणीच विकायला काढलेले नव्हते.

एकाही फोटोत तू नाहीस. आधी हंगामात तुला सवड नसायची, आणि बाबा गेल्यावर तर तू मांडवात पाऊल टाकणंच सोडलंस. बोलावणं आलं की "काम हाय" म्हणायचीस. म्हणजे यातलं काहीच तू पाहिलेलं नाहीस. तू दोरा तोडायचीस, डबी त्यांच्या हातात द्यायचीस आणि पुढची ओवायला घ्यायचीस.

मेकअपवाल्या बाईंना मी नाही म्हणून कळवलं. "तुझं नुकसान, डिअर," त्या म्हणाल्या, आणि हिशेबाने ते बरोबर होतं. त्यानंतरच्या रविवारी त्या पंगतीतल्या नवरीची मुलगी घरी आली. तिचं लग्न ठरलं आहे. आईने पाठवलेला फोटो मी पानावर लावला होता, तो पाहून तिला मुंडावळ्या माझ्याकडूनच हव्या होत्या. मी ओवल्या आणि परवा तिला दिल्या. तिने बांधून बघायला मागितलं नाही. तिच्या आईने बजावून पाठवलं असणार. डबी पर्समध्ये ठेवताना ती म्हणाली, "ताई, बांधलेला फोटो हवाय ना तुम्हाला? मग लग्नाला या. तुम्हीच बांधा आणि तिथेच काढा. माझीच मुंडावळी, माझंच कपाळ. आता काय हरकत आहे?"

"बघते," मी म्हणाले.

"बघते नाही, या. आणि साडी नेसून या, हा ऑफिसचा कुर्ता नको."

तिचं म्हणणं मी सगळीकडून तपासलं. त्यात चूक सापडली नाही. पान चालेल आणि तुझा शब्दही मोडणार नाही. पण मी आजवर एकही मुंडावळी कुणाला बांधलेली नाही. सैल राहिली तर डोळ्यांवर येईल, घट्ट झाली तर वळ उठेल; मधलं माप मला माहीत नाही. ते तिथे कुणालाही विचारता येईल. तुला विचारायचं आहे ते वेगळं आहे. ज्या मांडवात तू गेली नाहीस तिथे तुझं काम घेऊन मी उभी राहू का?

हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जाणार नाही, ते मला कळतं. तरी एक लिहून ठेवते, कारण हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही: मला जायचं आहे.

लग्न शुक्रवारी आहे. गुरुवारपर्यंत कळव.