पॅन्ट्रीतली नक्कल

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पोट दुखेपर्यंत हसले. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच!

वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या सिस्टरला सगळे थोरली म्हणतात. मी तोंडावर ताई म्हणते. चहाच्या वेळी ती पॅन्ट्रीत पेशंटच्या नकला करते. आज आधी थर्मामीटर तोंडात ठेवून राजकारणावर बोलणारे आजोबा झाले. मग कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाई. या बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आयुष्य बायकांना गाडी शिकवण्यात गेलं. महिन्यापूर्वी मेंदूत गुठळी अडकली. उजवी बाजू लुळी पडली, आणि सगळ्या भाषेतून एकच शब्द हाती उरला — ब्रेक! पाणी हवं, ब्रेक. पडदा सारा, ब्रेक. मुलगी आली की तेच, फक्त गोड आवाजात. मी ट्रे घेऊन धावले की जे म्हणतात ते ब्रेक मात्र अगदी खऱ्या अर्थाने असतं.

थोरलीने तोंड एका बाजूला ओढलं, डावा हात हवेत हलवला आणि "ब्बे... ब्बे... ब्रेक!" करत बेडपॅन मागितलं. माझ्या नाकातून चहा आला.

मग घड्याळाकडे बघून तिचं स्वतःचं नेहमीचं, कमरेवर हात, हनुवटी वर — "चला, आवरा, आवरा!" हे दिवसातून शंभरदा. जरासं नाकात, पण त्याने वॉर्ड हलतो.

थोरली वाईट नाही. पहिल्या आठवड्यात सुई टोचायला मला शीर सापडत नव्हती, तेव्हा तिनेच निभावून नेलं. "ए नवीन, घाबरतेस काय, शीर काय पळून जातेय?"

५ फेब्रुवारी, बुधवार

ब्रेकबाई कालपासून गप्प. पाणी हवं का विचारलं — बघत राहिल्या. पडदा सारू? तेच. ब्रेकसुद्धा नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सगळ्यांचं धाबं दणाणलंय. दुसरा झटका आला की काय! पुन्हा स्कॅन काढला. काही नाही, पूर्वी होतं तेवढंच.

बोलायला शिकवणारे थेरपिस्ट आहेत, त्यांना आम्ही बोलके सर म्हणतो (स्वतः फार कमी बोलतात). ते मुलीला सांगत होते — असल्या पेशंटचा आधी सूर परत येतो, शब्द मागून. तो एक शब्द म्हणजे दोरीचं टोक होतं, ते धरून पुढे जायचं होतं. आता त्यांनी टोकच सोडलं. येत्या बुधवारपर्यंत प्रतिसाद नाही मिळाला तर उपचार थांबवून ती वेळ दुसऱ्या पेशंटला द्यावी लागेल. बाईंना आहे तशा घरी न्यायचं.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आई आता कधीच...?" सरांनी चष्मा पुसला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कळलं! की नुसतं कळलं असं वाटतंय?

पॅन्ट्री आणि वॉर्ड यांच्या मध्ये जेवणाचे ट्रे द्यायची खिडकी आहे. तिची कडी कधीच तुटलीय, बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवलीय. बोटभर फट कायम. आणि बाईंची उशी बरोब्बर त्या खिडकीखाली.

दुपारी मी बाईंना सूप भरवत होते. आत वॉर्डातल्या मावशी साखर कुठंय विचारत होत्या. कानाशी येऊन विचारावं इतकं स्पष्ट ऐकू आलं! मग थोरली हसली. नुसती हसली. बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सूप गालावरून उशीवर ओघळलं. मी पुसत राहिले, त्यांनी मान काही वळवली नाही.

सोमवारी त्यांनी सगळं ऐकलं. थोरलीची नक्कल. आणि त्यावरचं आमचं खिदळणं. त्यात माझं हसू सगळ्यात मोठं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटतेय की आरशात बघवत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

थोरलीला एकटीला गाठून म्हटलं, "ताई, बाईंना खिडकीतून ऐकू जातं. म्हणून त्या गप्प झाल्यात."

"काय कळतंय त्यांना! डोकं गेलंय ते."

"बोलणं गेलंय ताई. कळतं सगळं."

थोरली म्हणाली, "सोमवारी हसताना नाही आठवलं हे?"

मी ट्रे उचलून निघून आले.

घरी आईला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं आणि म्हणाली, "नोकरीत कायम होईपर्यंत तोंडाला कुलूप लाव. तुझ्यावर शेरा कोण देणार? तीच ना?" तीच. मूग गिळून बसायचं तर बुधवार येतोय. बोलायचं तर नोकरी. झोपते. (झोप कसली!)

१० फेब्रुवारी, सोमवार

चहाच्या वेळी मी खिडकी ओढून धरली. थोरली म्हणाली, "उघड ती, घुसमटतंय इथे." आणि माझ्याकडेच बघत तोंड वाकडं करून — "ब्बे... ब्रेक!" या वेळी दोघीच हसल्या, त्याही अर्धवट. तिने कळूनसवरून केलं हे.

मेट्रनच्या दारापर्यंत गेले. आत कुणीतरी होतं. सुटल्यासारखी परत पळाले. भित्री!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं!!

मेट्रन मॅडम नखं कापत बसल्या होत्या. मी पाठ करून गेलेलं सगळं विसरले, आणि एका दमात कडी, फट, उशी, सूप, ब्रेक असं काहीतरी उलटसुलट ओकले. त्यांनी नेलकटर ठेवला.

"कोण कोण हसलं?"

"सगळ्याच. मीपण."

"हं. बस." पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "तिला तुझं नाव सांगू?"

"सांगा. नाहीतर ती भलत्याच कुणावर संशय घेईल."

"तुझा शेरा या वेळी मी देईन. ती काळजी सोड." मग माझ्यासमोरच बोलक्या सरांना फोन लावला. "उद्याचा निर्णय थांबवा. तुमची पेशंट बिघडलेली नाही. रुसलीय. आणि तिचं रुसणं बरोबर आहे."

जिन्यात येऊन बसले आणि एकटीच हसत सुटले. मग रडले. मग कँटीनमध्ये जाऊन लोणी लावलेले टोस्ट हाणले. केवढी भूक लागली होती, चार दिवस कळलंच नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते आज समजलं.

आईला भीत भीत सांगितलं. वाटलं आता आकाशपाताळ एक करणार. म्हणाली, "सांगून टाकलंस ना? मग आता नीट जेव." आणि ताटात वाढतच राहिली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

खिडकीला नवी कडी बसली. सुतार ठोकत होता तेव्हा पॅन्ट्रीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी आत गेले की कप विसळायची सगळ्यांना एकदम घाई. मावशींनी मात्र माझा चहा गाळून ठेवला होता. बशी झाकून.

बोलक्या सरांनी आणखी एक आठवडा दिलाय. आज खाटेशेजारी नुसते बसून राहिले. बाई गप्पच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

थोरलीने माफी मागितली. माझी नाही, बाईंची. ती योग्यच.

सगळ्या वॉर्डाला बोलण्यात गुंडाळणारी बाई! खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तिची बोबडी वळली. "बाई, माझं ते... मी जे... तुम्हाला..." शब्द सापडेनात. बाई तिच्याकडे एकटक बघत होत्या. मग डोळे मिटून घेतले.

थोरली माझ्या शेजारून गेली. चेहरा एवढासा झाला होता. मला वाईट वाटलं. सांगितल्याचं नाही. तिचं वाईट वाटलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काही नाही. बाई गप्प. थोरलीपण गप्प, पाय न वाजवता वावरते. "आवरा, आवरा" नाही. सात खाटांपलीकडचे आजोबा मला विचारतात, "काय हो, कुणी गेलं का?"

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांची मुदत उद्या संपणार होती.

सकाळी थोरली आणि मी बाईंची चादर बदलायला गेलो. थोरली नव्या चादरीची घडी हातात धरून उभी. खाली मान. बाईंनी आधी तिच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलून कमरेवर ठेवला. हनुवटी वर केली. आणि थोरलीच्या सुरात, तिच्यासारखंच नाकातून —

"च-ला! आव्वा! आव्वा!"

पहिली हसली ती थोरली. हसता हसता स्टुलावर बसली आणि चादरीत तोंड खुपसलं. खांदे गदगदत होते. बाईंनी हात लांबवून तिच्या डोक्यावर टपली मारली.

थोरलीने तोंड वर केलं. नाक लाल. "ए नवीन, बघत काय बसलीस! सरांना बोलव, जा!"

मी धावत सुटले. मागून बाईंचा खणखणीत आवाज आला —

"ब्रेक!"