मच्छरदाणी बांधलेली गाडी

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. इतके दिवस तुमच्या आठवणीनं रडले, आज मात्र तुमच्याशी भांडायला बसले आहे. विषय अर्थातच तुमची लाडकी पांढरी गाडी!

तुमच्यामागं ती रुसली. अमरावतीहून चांदूर बाजारला आईकडं निघालं, की अर्ध्या वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. मेकॅनिकनं नुसतं बॉनेट उघडून सांगून टाकलं, ‘‘हेड गॅसकेट गेलं मॅडम, इंजिनच उतरवा लागते.’’ दादा अकोल्याहून फोनवर म्हणाला, ‘‘इकून टाकू. बाबा गेले, आता त्या डब्ब्याले कोन सांभाळते?’’ आई पदरानं गाडीची काच पुसत राहिली. मला ते बघवेना.

मीही तुमचीच लेक! दादाला म्हटलं, मला एक रविवार दे. तो म्हणाला, ‘‘देल्ला. चिखलदऱ्याचा घाट चढून दाखो. काटा लाल झाला का गाडी गिऱ्हाइकाची.’’

कॉलेजात पोरांना उष्णता शिकवते मी, एका इंजिनाला भिणार होते होय? गाडी पूर्ण गार असताना रेडिएटरचं झाकण उघडलं, कूलंटचं पाणी काठोकाठ. ऑइलची पट्टी ओढली, ऑइल दुधाळ नाही, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. म्हणजे गॅसकेट शाबूत! इंजिन चालू ठेवलं तर पंखाही वेळेवर फिरला. रेडिएटरचा वरचा पाइप गरम, खालचाही तितकाच गरम. पाणी फिरत होतं, पण गार होत नव्हतं. कशानं? वारा! त्याला वाराच मिळत नव्हता.

समोरची जाळी खोलली आणि कपाळावर हात मारला. मच्छरदाणी बांधली होतीत हो तुम्ही रेडिएटरला? तीही दुहेरी, तारेनं आवळून?

आई म्हणाली, ‘‘ट्रॅक्टरवरचा कापूस उडून आत जाते म्हनून बांधली त्यायनं. दर पंधरा दिसानं काढून झटकत.’’ तुम्ही झटकत होतात, ठीक. तुमच्यानंतर कोण झटकणार होतं? कोणाला सांगितलं होतंत? कापूस, गवत, किडे आणि काळी माती बसून तिथं चांगली गादी तयार झाली होती. गाडी बिचारी गुदमरून तापत होती आणि आम्ही तिला भंगारात काढायला निघालो होतो!

ती मच्छरदाणी मी फाडून फेकली. रेडिएटर आतून बाहेर हलक्या धारेनं धुतला, पातळ पट्ट्या वाकू नयेत म्हणून.

रविवारी घाटाला लागलो. शेजारी दादा काट्यावर डोळे लावून, मागं आई. इंजिनावर आणखी भार पडावा म्हणून मी मुद्दाम एसी लावला. एका वळणावर समोर एसटी आली, पहिल्या गिअरवर यावं लागलं आणि काटा उठला. दादा म्हणाला, ‘‘गेली!’’ माझ्या तोंडचं पाणी पळालं, कशाला खोटं सांगू? पण काटा मध्यावर आला आणि तिथंच थांबला. वर पोचल्यावर दादा म्हणाला, ‘‘मानलं बाई तुले. नाई इकत.’’

मी आनंदानं मागं वळले, तर आई दरीकडं बघत होती. म्हणाली, ‘‘एवढ्या जवळ व्हतं, पन तुह्या बाबानं मले कधी आनलंच नाई वो. घाटात गाडी तापन म्हने.’’

खरंच, बाबा? एकदाही नाही? माझा राग आहे तो याच्यावर. माणूस इतकं का जपतो, की जपलेल्या वस्तूचं सुखही कोणाला मिळू नये? तुमचं प्रेम मला कळतं. पण तुम्ही आज समोर असतात, तर कडाकडा भांडले असते.

उतरताना आईनं हळूच विचारलं, ‘‘समुद्र किती लांब असन वो?’’

दिवाळीच्या सुट्टीत नेते तिला. वचन! वाटेत गाडी तापली, तर बाजूला घेऊ, गार होऊ देऊ आणि पुढं जाऊ. एवढंच तर करायचं असतं, बाबा.

अजून थोडी रागावलेली,
तुमची सुमी