डोंगर झालेला नकाशा

मी, श्रीमती मालिनी त्र्यंबक देवस्थळी, राहणार सांता क्लारा, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाचंही दडपण नसताना लिहीत आहे. माझं डोकं शाबूत असल्याचं डॉक्टर सांगतात. मुलाला शंका आहे. त्याने त्यांनाच विचारावं.

१. घर व बँकेतली शिल्लक चिरंजीव श्रीरंग आणि कन्या सुलेखा यांना निम्मी निम्मी. भांडाल तर माझी शपथ आहे.

२. माझी भिंगं सुलेखाला. यांतूनच मी एका नकाशा-कंपनीत समोच्चरेषा आखल्या; एका उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा. साहेब मला सपाट मुलूख देत आणि कडेकपाऱ्या पुरुषांना. तो राग सोबत नेत आहे.

३. युटाच्या वाळवंटातल्या दऱ्यांचे शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे यजमानांनी आणि मी हौसेने जमवले. श्रीरंगने ते सुटे सुटे विकायला गिऱ्हाईक पाहून ठेवलं आहे. "आई, इट्स जस्ट ओल्ड पेपर," म्हणतो. ती विक्री होऊ नये, मुख्यतः एवढ्यासाठी हे लिहिणं.

४. संचात एक नकाशा नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीसाठी यजमानांचे मित्र, माझे भाऊजी, श्री. जगन्नाथ साने यांनी आमच्या गॅरेजमधून रद्दी समजून तो नेला आणि चुरगाळून, खळ लावून मखरामागे कैलास उभा केला. आरतीला उभी राहिले तर कैलासावर माझ्या ओळखीच्या तपकिरी रेषा. देवासमोर बोलता येईना. विसर्जनानंतर तो कचऱ्यात गेला, आणि मी भाऊजींशी बोलणं टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते गाडी घेऊन दारात आले. "वहिनी, त्या मॅपमधली जागा मला दाखवा. मी ड्राइव्ह करतो."

संचातले शेजारच्या भागांचे नकाशे जुळवत आम्ही त्या कड्याशी पोचलो. कागदावरची केसाएवढी रेष इथे देवळाच्या कळसाहून उंच भिंत होती. तिच्याखाली आणखी भिंती, लालभडक, आणि पार तळाशी नदी. कोणी एक माणूस खेचरं घेऊन इथवर आला आणि एवढं सगळं कागदावर उतरवून गेला, या विचाराने मला रडू आलं. मग भाऊजींनी बूट काढून बाजूला ठेवले आणि हळूच विचारलं, "वहिनी, हे मी चुरगाळलं?"

५. सबब सर्व नकाशे, संच न फोडता, श्री. जगन्नाथ साने यांना. लाभ त्यांना असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही. त्यांना विचारलेलंही नाही; नको म्हणतील.

साक्षीदार: शैलेंद्र काणे, लतिका काणे
सही: मालिनी त्र्यंबक देवस्थळी
सांता क्लारा, १४ ऑक्टोबर १९८६