पोस्तीन कधी उतरवायचा

२६ फेब्रुवारी
कासव! कुंपणाशी, आणि थेट फेब्रुवारीत! पाठीवर अजून बिळातली ओली वाळू. मी ओरडलेच. शेजारची सालोमत भिंतीवरून डोकावली — "का गं नोरबिबी, नवरा उगवला की काय रशियातून?" मेलीला सुचतं तरी कसं!
आमच्या लहानपणी नवरोजचं सुमलक, ती गव्हाच्या अंकुरांची खीर, रात्रभर ढवळून दुखलेले हात बरे व्हायचे, तेव्हा कुठे ही कासवं बाहेर यायची. यंदा बर्फच पडलं नाही. वाळू तापली, ही उठली. त्यांना कुठे कॅलेंडर असतं!

३ मार्च
नर माद्यांच्या मागे लागलेत. कवचावर कवच — टक्... टक्. ऐकलं आणि बाबा आठवले.
त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. पोस्तीन, म्हणजे मेंढीच्या कातड्याचा तो जाड कोट, कासवांची टकटक स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय अंगावरून उतरवायचा नाही, ही त्यांच्या बापाची रीत. "कासव उघड्यावर लग्न लावायला निघालं की समजायचं, थंडी संपली!" आई रुमाल तोंडाला लावून हसायची. मला पुढ्यात घेऊन, गाढवावरून ते टेकाडापलीकडे जायचे. आवाज आला की पोस्तीन काढून माझ्या डोक्यावर टाकायचे. आत अंधार, मेंढीचा आणि धुराचा वास, बाहेर बाबांचं हसू. किती सुख होतं त्यात!
आता त्यांचे डोळे गेलेत. धाकट्या भावाकडे, बेर्दियारकडे असतात, बुखाऱ्याला.

४ मार्च
धाकट्याला फोन केला. म्हटलं, बाबांना आत्ताच आण. "आपा, दरवर्षी एप्रिलातच आणतो ना? थंडी बाधेल त्यांना. कासवं काय पळून जातायत?" आणि आपल्याच विनोदावर खो खो हसला. गाढव!

११ मार्च
पुन्हा गोठलं. सकाळी वाळूवर एक लहानसं कासव, दगडासारखं गार. चुलीशी ठेवलं. नाही उठलं. बाकीची वेळेवर बिळात शिरली म्हणून वाचली.

२ एप्रिल
गरम वारा. गवत पायाखाली कुरकुरतंय. कासवं पहाटेच चरतात आणि ऊन चढायच्या आत खाली जातात. पूर्वी भर दुपारी वाटेत आडवी यायची. बाबा गाढव थांबवून म्हणायचे, "जाऊ दे आधी त्यांना, घाई त्यांनाच आहे." टकटक तर केव्हाच बंद झाली.

१२ एप्रिल
बेर्दियारचा फोन, रडवेल्या आवाजात. बुखाऱ्यात ऊन नुसतं भाजतंय आणि बाबा पोस्तीनमध्ये! काल भोवळ येऊन पडले. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर एक दिवस उठणार नाहीत. सून कोट काढायला गेली तर तिला म्हणाले — "तुला काय कासवांनी येऊन सांगितलं?"
"आपा, घेऊन येतो. तूच बघ आता."
आता आणतोस! इथे एक कासव वर नाही. चरायला काही उरलं नाही, तर जाऊन झोपली. बिळांची तोंडंही वाळूने बुजली. ती बरोबर वागली. आपणच तारखेला चिकटून बसलो.

१५ एप्रिल
आले. केवढा तो कोट आणि आत केवढेसे बाबा! घामाने थबथबलेत. चहा पाजला, नान भिजवून भरवला. "कासवं काय म्हणतायत?" हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, उद्या जाऊ.
सालोमत म्हणाली, "सरळ सांगून टाक की, यंदाचं संपलं." कसं सांगू? ते अंधारात बसून वर्षभर या एका आवाजाची वाट बघतात. वाळू मुकी झाली हे मी माझ्या तोंडाने नाही सांगणार. पण कोट उतरला नाही तर हे ऊन त्यांना नेईल.

१६ एप्रिल
सालोमतकडे कोंबड्यांना दाणा घालायची दोन रिकामी कवचं होती. ती घेतली. बाबांना टेकाडाशी साक्सौलच्या झुडपाच्या सावलीत बसवलं, सालोमत त्यांच्याजवळ. मी पलीकडे वाळूत बसले आणि सुरू केलं. टक् टक् टक् टक्! घाम डोळ्यांत, हात भरून आलेले. सालोमत रुमालाचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. बाबा मान तिरकी करून ऐकत होते, आणि चेहरा तोच! गाढवावरचा! किती वर्षांनी पाहिला मी तो.
त्यांचं ऐकणं संपेना, म्हणून मीही थांबले नाही. शेवटी त्यांनी हळूच एक बाही काढली. मग दुसरी. सालोमतने कोट उचलला आणि मी आडवीच झाले.
बापाशी खोटं वागले आणि मला तिळमात्र वाईट वाटत नाही. बाबा आज सदऱ्यावर झोपलेत, गार भिंतीशी.

२३ एप्रिल
बेर्दियार आज त्यांना परत घेऊन गेला. गाडीत बसल्यावर बाबांनी माझा हात चाचपला, तळव्यावरच्या फोडांवरून बोट फिरवलं. म्हणाले, "नर ठोकतो आणि दम घेतो गं, पोरी. तू कणीक तिंबल्यासारखी बडवत सुटली होतीस. मी कोट काढल्याशिवाय उन्हातून उठली नसतीस तू, म्हणून काढला."