दुपारचा डबा

पत्नी शोभाताई वारल्यापासून यज्ञेश्वररावांची अन्नावरची वासनाच उडाली होती. नेरच्या शाळेत शिकवायला जाणारी सून आभा रोज त्यांना भूक लागावी म्हणून आल्याच्या फोडी, लिंबू नि सैंधव बशीत काढून ठेवी. आज त्यांनी त्या बशीखाली चिठ्ठी ठेवली.

"आभा, आलं खाल्लं, अंगणात चकराही मारल्या. भूक लागली, पण ताटावर बसलो की घास उतरत नाही. तुह्या हाताले चव आहे, मनाले लावून घेऊ नको. मले एकट्याले जेवता येत नाही. शाहिदच्या गॅरेजवर सगळे मिळून जेवतात. डबा घेऊन तिकडे जाऊन राह्यलो. त्यानं बोलावलं नाही, मीच विचारून पाहतो."

गॅरेजच्या दारात ते डबा धरून घुटमळले. शाहिदनं सतरंजीवर सरकून जागा केली.

"बसा काका. भाजी कोणती आणली?"