जिथे उभे होतात तिथून

८ जानेवारी १९७९, सोमवार
कारखान्याला सुट्टी, म्हणून तुरुंगातला वर्ग. फाटकावर झडतीत कंपास काढून घेतला, टोक असतं म्हणून. शिपाई म्हणाला, "ह्यानं गोल काढत्यात व्हय? आमी बांगडीनं काढतो." पेन्सिली मोजून दिल्या, मोजून घेतल्या.

शेखमामा रंग शिकवतात, मी रेघ. ते गावभर दुकानांच्या पाट्या रंगवतात, मी शिरोलीत फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात. आज म्हणाले, "ताई, तुमच्या पट्टीनं कुणाचं मन मोकळं हुईल व्हय?" म्हटलं, मन मोकळं करणं माझ्या अभ्यासक्रमात नाही.

फळ्यावर नियम लिहिला. जिथे उभे होतात तिथून जेवढं दिसलं, तेवढंच काढायचं. मध्ये काही आलं असेल तर तेही. पुढच्या वेळी एक ओळखीची जागा.

१५ जानेवारी, सोमवार
बहुतेकांनी देऊळ, बैल. एकाने ह्याच तुरुंगाचं फाटक, बाहेरच्या बाजूने.

शंकरचं वेगळं. बिद्रीकडचा, जन्मठेप, फार बोलत नाही. पाण्याच्या पाळीवरून चुलतभावाला खोऱ्याने मारलं. कोर्टात स्वतःच कबूल केलं. चित्रात विहीर, इंजिनाची खोली, पाटाशी पालथा पडलेला माणूस. त्याच्याजवळ खोरं धरून दुसरा उभा, पाठमोरा. डावा खांदा उजव्यापेक्षा बराच खाली. आणि पुढे, कागदाच्या दोन्ही कडांना, उसाची पानं. पडलेल्याचे पाय पानांआड.

"हा उभा कोण?"
"मीच की, बाई."
पट्टी लावली. क्षितिजरेषा उभ्या माणसाच्या कमरेवर. म्हणजे बघणारा उसात बसलेला.
"मग हे बघतंय कोण?"
त्याने पेन्सिल खाली ठेवली.

वर्ग सुटेपर्यंत त्याचे खांदे पाहिले. दोन्ही सारखे आहेत.

२२ जानेवारी, सोमवार
२६ तारखेला तुरुंगात प्रदर्शन. मोठे पाहुणे येणार, कैद्यांच्या घरच्यांनाही बोलावलंय. शंकरचं चित्र तुरुंगाच्या साहेबांना फार आवडलं. नावही त्यांनीच दिलं: 'पश्चात्ताप'.

शंकर कागद द्यायच्या निमित्ताने जवळ आला. "बाई, ते फाडा."
"काच बसवायला गेलंय."
"मग ऊस तरी पुसा. तुमी म्हणालासा म्हणून काढला. नुसता नियम पाळला बगा."

मग तुटक तुटक, शिपायाकडे नजर ठेवून. तो उभा माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ, अण्णा. अण्णाला तीन पोरं, ह्याला एकच मुलगी. "म्हणाला, तू आत जा, तुझ्या बायकोपोरीला मी संभाळतो. तोंड उघडलंस तर मातूर…" बायको आणि मुलगी अण्णाच्याच घरात.

साहेबांना म्हटलं, ते चित्र लावू नका. कारण विचारलं. कारण सांगणं म्हणजे शंकरचं तोंड मीच उघडणं. नाही सांगितलं. "बाई, सगळ्यात चांगलं चित्र तेच आहे, आणि तुम्हीच नको म्हणता?"

२६ जानेवारी, शुक्रवार
लावलं. दारासमोरच्या भिंतीवर.

अण्णा आला. कोणी ओळख करून द्यायच्या आधी ओळखला. इस्त्रीचा सदरा, पांढरी टोपी, डावा खांदा.

"तुमीच शिकवणाऱ्या बाई व्हय? धाकटा लई नाव काढतोय तुमचं." एकटाच आला होता. चित्रापुढे बराच वेळ थांबला. मागून लोक पुढे सरकत होते, हा हलेना.

"ह्ये कुठनं बघून काढलंय?"
"मनाने काढलंय."
"मनानं काढल्यावर ऊस आडवा येत न्हाय, बाई."

आवाज मऊ. शंकर कैद्यांच्या रांगेत, मान खाली. जाताना अण्णा माझ्याकडे वळला, "शिरोलीला असता न्हवं तुमी?"
मी सांगितलं नव्हतं.

२९ जानेवारी, सोमवार
शंकर वर्गात आला, बसला नाही. बायको प्रदर्शनाला का आली नाही, हे त्याने अण्णाला विचारलं होतं. अण्णा म्हणाला, माहेरी गेलीया, पोरीला घिऊन.

"तिला माहेरच न्हाय, बाई. पोरकी हाय. मामानं लगीन लावलं, त्यो बी गेला."

साहेबांकडे गेले. चित्राचं बोलले नाही, बायको-मुलीचं तेवढंच सांगितलं. "घरगुती बाब. त्याने लेखी तक्रार करावी." शंकर लिहायला तयार नाही. तक्रार गावात पोचेल, आणि गावात अण्णा आहे.

कोरा कागद दिला. "अण्णाचं घर काढा. वरून, छप्पर उचलल्यासारखं." त्याने आज पहिल्यांदा पट्टी मागितली.

३१ जानेवारी, बुधवार
कारखान्याच्या फाटकावर वॉचमनने गुळाची ढेप दिली. "एक पावणं ठिऊन गेलं. म्हणालं, बाईस्नी सांगा, ऊस तोडायला आलाय. पडायच्या आत येऊन बगा."
"खांदा कसा होता?"
"आँ?"
सोडून दिलं.

सुटल्यावर शेखमामांच्या दुकानात. सगळं सांगितलं. एका पाटीचं अर्धं अक्षर रंगवून त्यांचा कुंचला तसाच वर राहिला. पोलिसात जायचं तर काय सांगणार? खांदा, क्षितिजरेषा आणि एका बाईला नसलेलं माहेर.

"शंकरच्या गावाला उद्याच जाऊ," म्हणाले. "पाट्या रंगवणारा कुठल्याबी गावात हिंडला तरी कोण इचारत न्हाय. तुमी माझी पोरगी."
"मला रंगवता येत नाही."
"डबा धरता येतोय न्हवं? आन् पट्टी घरी ठेवा. पट्टी घिऊन हिंडणाऱ्या पोरीला गाव मोजणीवाली समजंल, जेवायलाच बसवून घेतील."
हसलो दोघं. जास्त वेळ नाही.

१ फेब्रुवारी, गुरुवार, सकाळ
रजेचा अर्ज शेजारच्या मुलाबरोबर ऑफिसात पाठवला. कारण: घरगुती.

शंकरने काढून दिलेला घराचा नकाशा पुन्हा पाहिला. पुढे ओसरीसारखा सोपा, मग गोठा, माजघर. सगळ्यात मागे एक खोली, तिच्यात दोन वर्तुळं, एक मोठं, एक लहान. मोठं त्याने बहुतेक बांगडीच्या मापाने काढलंय. खोलीला एकच दार, मागच्या अंगाला. दारापुढे त्याने उभ्या रेघा मारल्यात, दाट, कागदाच्या कडेपर्यंत. वरून पाहिलं तर ऊस असा दिसत नाही. असा तो समोर उभं राहिल्यावर दिसतो.

दुरुस्ती केली नाही. ट्रेसिंग पेपरवर प्रत काढून आईच्या तांदळाच्या डब्यात ठेवली.

शेखमामा खालून हाका मारताहेत. आईने विचारलं, कुठे? म्हटलं, बिद्रीकडे, कामाला. आणि ती ढेप फोडू नकोस.