लेकाचा लेथ

२ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

खोकी भरण्याचे काम सोडून तू कारखान्यात लेथ शिकायला लागलीस, हे चष्मा पुसून पुन्हा वाचले. जिच्या कपाटात अर्धवट विणलेले स्वेटर वर्षानुवर्षे मोक्षाची वाट पाहत पडले आहेत, तिच्या हाती सरकार तोफगोळे सोपवते; म्हणजे युद्धाची स्थिती मी समजत होतो त्याहून गंभीर आहे.

थट्टा पुरे. नवऱ्यामागे एकटीने संसार ओढलास, त्यापुढे लोखंड ते काय. शिवाय गुरू घरचाच. आमचा मौनी भाचा तीन शब्दांवर बोलत नाही, तो आईला शिकवतो कसा, ते कळव. लेथवरचा कसबी कामगार म्हणून त्याला सैन्यभरतीतून सूट आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी निवांत झोपतो.

इकडे शाळेचे लोखंडी फाटक भट्टीत गेले. मुले म्हणतात, आता पळून जाण्यात राम उरला नाही.

परीक्षा नीट दे. माझे नाक कापू नकोस.

तुझा,
दादा

१९ मार्च

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. न.

पास झाले. आमच्या तुकडीत पहिली. तुझं नाक शाबूत आहे.

मौनी लेथपाशी वेगळाच माणूस होतो. कान लाव म्हणतो. टूल नीट कापत असलं की एका सुरात गुणगुणतं, बोथट झालं की किंचाळतं. चुकले की सगळ्यांदेखत मला ‘ओ बाई’ म्हणतो, आणि घरी माझ्या बोटांत रुतलेले लोखंडाचे कण सुईने काढत बसतो. मी कापलेलं तोफगोळ्याचं पहिलं कवच मापात बसलं, तेव्हा ते हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला. शाबास काही म्हणाला नाही. म्हटलं, स्वभावच तो.

पत्राला उशीर लावू नकोस.

धाकटी

२७ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आणि या खेपेस थोडा आदरही.

स्टेशनात नवी भित्तिपत्रके लागली आहेत. डोक्याला रुमाल बांधलेली बाई यंत्रापाशी उभी, मागून एक जवान हसत निघालेला. खाली ओळ: ‘तू ये यंत्रावरी, तो जाईल रणावरी.’ दुसऱ्या चरणात दोन मात्रा जास्त. स्टेशनमास्तरांच्या नजरेस हे आणून दिले. त्यांनी, फलाटाचे तिकीट काढले आहे का, असे विचारले.

त्या चित्रातली बाई तुझ्यापेक्षा गोरी आहे. बाकी ऐट तीच.

मौनीला सांग, मामाला अभिमान वाटतो. दोघांचाही.

दादा

६ एप्रिल

ती. दादास,
नमस्कार.

त्या ओळीच्या मात्रा मोजल्यास, अर्थ वाचला नाहीस. मीही नाही वाचला. ज्या लेथवर बाई तयार झाली, त्या लेथवरच्या पुरुषाची सूट रद्द. काल मौनीचं भरतीतून सूट दिल्याचं कार्ड काढून घेतलं. मला त्याच्याच लेथवर शिकवत होते, दादा. फोरमन माझ्याकडे न बघता बोलत होते.

मौनीला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी त्याच्यावर ओरडले, तर म्हणाला, कुणीतरी बाई येणारच होती गं. तू असलीस तर निदान पगार घरात येईल.

भरती कार्यालयातला साहेब तुझा विद्यार्थी ना? जा त्याच्याकडे. हात जोड, पाया पड, वाटेल ते कर.

धाकटी

११ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

गेलो होतो. त्याने उठून स्वतःची खुर्ची दिली, आणि स्वतः उभा राहिला. म्हणाला, सर, बाईंचे काम कच्चे आहे असा फोरमनचा शेरा सोमवारपर्यंत आला, तर सूट परत मिळेल. एरवी माझे हात बांधलेले आहेत.

आयुष्यभर मुलांना पास व्हा म्हणून छडी दाखवली. तुला सांगतो, नापास हो. माल बिघडव. फोरमनला दिसेल असा बिघडव.

यावर काही विनोद सुचत नाही.

दादा

२० एप्रिल

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

बिघडवला. टूल जरा आत घेतलं आणि कवचाची भिंत पातळ कापली. कुणाच्याही डोळ्यांत भरावी इतकी पातळ. पण वरून मालाचा तगादा. तपासणीच्या मुलीने न बघताच शिक्का मारला आणि कवच खोक्यात गेलं. फोरमन शेजारून तसेच पुढे गेले.

मौनीने मात्र पाहिलं. खोकं उपसून ते कवच काढलं, भंगारात टाकलं आणि जवळ येऊन हळूच म्हणाला, आई, असा गोळा तोफेतच फुटतो. तिथे माणसं उभी असतात.

मग मी टूल सरळ लावलं. सोमवारी शेरा गेला: काम उत्तम. गुरुवारी मौनी गेला. तोफखान्यात घेतलंय त्याला.

आज फोरमननी माझ्यापुढे एक मुलगी आणून उभी केली. शेजारच्या लेथवाल्याची बायको. लग्नाला वर्षही झालं नाही. नवऱ्याच्याच लेथवर तिला मी तयार करायचं. तो तिथेच मान खाली घालून काम करत होता. मी तिला बाजूला घेतलं आणि नियम सांगितला. ती म्हणाली, ठाऊक आहे मावशी, ह्यांनीच धाडलंय मला.

माया आहे तशीच ठेव, दादा. मुलगी हुशार आहे, हातही हलका आहे तिचा. माझ्याहून लवकर शिकेल.

धाकटी